उलटा कडता

सांगलीच्या हळदीच्या बाजारात पोतं काट्यावर चढलं, की व्यापारी त्याच्या वजनातून थोडं कापूनच धरतो. पोत्याच्या तागाचं, ओलीचं, चिकटलेल्या मातीचं. याला कडता म्हणतात. साताऱ्याचे मानसिंगराव जगदाळे हाच कडता माणसांच्या बोलण्याला लावत असत. कुणी "आलोच" म्हणालं की ते चपला काढून पुन्हा आत जाऊन बसत. एस.टी.ची पाटी वाचल्यावर ते कंडक्टरला विचारत, कंडक्टरने होकार दिला की ड्रायव्हरला विचारत, आणि एवढं करून बसले तरी ओळखीचा पहिला फाटा येईपर्यंत छत्रीची मूठ सोडत नसत.

अशा माणसाने पोटासाठी दुसरं काही केलं असतं, तर लोकांनी त्याला दारात उभं केलं नसतं. पण मानसिंगराव इमारतींचे हिशेब करत. घर दिसायला कसं असावं हे दुसऱ्यांनी ठरवायचं, आणि ते पडू नये म्हणून खांब किती जाड आणि स्लॅबमध्ये सळ्या किती, हे मानसिंगरावांनी. या धंद्यात संशयाला गुण समजतात. घरमालक सांगे, "वर आमी दोघंच ऱ्हाणार." मानसिंगरावांना त्या दोघांच्या मागून जिना चढणाऱ्या माहेरवाशिणी, त्यांची पोरं, धान्याच्या कणग्या, पाण्याची टाकी आणि अखेरीला एखादी शेळीसुद्धा दिसे. ते मुकाट्याने वजनाचा आकडा वाढवत. मग सिमेंटवाल्याचा संशय म्हणून थोडा, वाळूवाल्याचा म्हणून थोडा, आणि गवंडी दुपारी जेवून आल्यावर कसं काम करतो ते आठवून आणखी थोडा.

"बाजारात कापत्यात, तू घालतोस," त्यांचे भागीदार हसून म्हणत. "तुझा आपला उलटा कडता."

भागीदार म्हणजे सांगलीचे बाहुबली मगदूम. सगळी सांगली त्यांना अण्णा म्हणे, मानसिंगराव मात्र कॉलेजात एका बाकावर बसल्यापासून बाहू म्हणत. अण्णांनी जन्मात कुणावर संशय घेतला नव्हता. त्यांच्या अंगणातून सायकल नेणारा माणूस त्यांना सापडला, तेव्हा "हवा कमी हाय, जरा भरून जा" असं सांगून ते आत वळले होते. गिऱ्हाईक आणायचं, त्याला चहा पाजायचा, तो सांगेल ते आकडे कागदावर उतरवायचे आणि तो लखोटा साताऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा, हे अण्णांचं काम. लखोटा फोडून त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर अविश्वास दाखवायचा, हे मानसिंगरावांचं. एवढ्या वर्षांत दोघांच्या एकाही इमारतीला तडा गेला नव्हता.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना अठ्ठ्याहत्तर साली आदगोंडा खोत या हळदीच्या व्यापाऱ्याला मंगल कार्यालय बांधायची बुद्धी झाली. खाली अडत दुकान, वर लग्नाचा हॉल. अट एकच. हिशेब कॉम्प्युटरवर व्हायला पाहिजे. त्याच्या जयसिंगपूरच्या मेव्हण्याचं घर म्हणे कॉम्प्युटरवर निघालं होतं, आणि मेव्हणा हे प्रत्येक बारशाला सांगत होता. आदगोंडाचं काम मोठं होतं. ते हातचं गेलं असतं तर पुढची सगळी कामं ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडे गेली असती, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

अण्णा मुद्दाम साताऱ्याला आले. मानसिंगरावांच्या ओसरीवर बसून उत्साहाने म्हणाले, "आता मशीन घिऊन टाकू. कुठलं घ्यायचं ते तू ठरीव. तुझा त्रास वाचंल गड्या."

अण्णा गेले आणि ते वाक्य ओसरीवर राहिलं. तुझा त्रास वाचेल. मानसिंगरावांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. त्रास वाचेल म्हणजे काय? आजवर त्रास होतोय असं कोण म्हणालं होतं? आणि त्रास वाचला की मागे उरतं काय? मानसिंगरावांना स्पष्ट भीती वाटली की मागे काहीच उरत नाही. मशीन सांगलीत, गिऱ्हाईक सांगलीत, अण्णा सांगलीत. लखोटा आणायला कंडक्टर नको आणि फोडायला मानसिंगराव नकोत.

"चांगलंच म्हणाले की भावोजी," मानसिंगरावांच्या पत्नी शालूबाई आतून म्हणाल्या.

"चांगलंच म्हणाले! मशीन आलं की मी आपला कोरेगावला जातो, ऊस बघत बसतो. माझं काय अडलंय?"

हे ते रागाने आणि म्हणून मोठ्याने बोलले. भिंतीपलीकडे शेजारच्या चंद्राबाई तांदूळ निवडत होत्या. त्या कधी मुद्दाम ऐकत नसत, पण निवडताना त्यांचा कान रिकामा असे. दिवेलागणीपर्यंत आळीत बातमी झाली, की जगदाळे साहेबांच्या जागी मशीन येणार आणि ते उसात जाणार.

मग सल्ले सुरू झाले. चंद्राबाईंनी सांगितलं की असलं मशीन घरात असलं की केस गळतात. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी रेडिओसारखा त्याचाही परवाना काढावा लागतो असं बजावलं, आणि विचारल्याशिवाय काढू नका असंही बजावलं. पण सगळ्यांत मोठे सल्लागार कोरेगावहून सकाळच्या गाडीने आले. हंबीरकाका. मानसिंगरावांचे सख्खे काका, फौजेतले निवृत्त हवालदार, आणि पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की बाजारात पुढे घालायचा माणूस. काकांनी फेटा गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "मशीन काय आन बैल काय, घ्यायची रीत येकच. मालक काय बोलतो ते ऐकायचं न्हाई. जनावर काय करतंय ते बघायचं."

मानसिंगरावांना हे मनापासून पटलं. आयुष्यात कुणाच्या बोलण्यातून काही न कापता त्यांनी घेतलेलं हे पहिलंच वाक्य असावं.

पहिलं मशीन मुंबईहून आलं. टेबलाएवढं होतं, आणि सोबत टाय लावलेला एजंट होता. सांगलीच्या जकात नाक्यावर गाडी अडली. नाकेदाराच्या यादीत शिवणयंत्र होतं, टंकलेखन यंत्र होतं, बाजाची पेटीसुद्धा होती. हे कशात धरायचं?

"ह्याच्यावर गाणं लागतं का?" नाकेदाराने विचारलं.

"नाही हो. हे हिशेब करतं," एजंट म्हणाला.

"कुणाचा हिशेब?" नाकेदार एकदम उठून उभा राहिला आणि त्याने वरिष्ठांना बोलावणं पाठवलं. वरिष्ठांनी बराच वेळ मशीनभोवती फिरून त्याला शिवणयंत्र ठरवलं, कारण आत बारीक भाग फार होते.

नाक्यावरून सुटका झाली, तर वीज कचेरीत गाडं अडलं. मशीनला स्वतंत्र जोडणी लागत होती. अर्जावर तीनच खाने होते. घरगुती, शेतीपंप आणि पिठाची गिरणी. अण्णांनी "गिरणी टाका, कारकून सांगतोय म्हंजे बरोबरच आसंल" असं म्हणून सही केली. दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबाने अण्णांचं सांगलीचं सगळं ऑफिस हिंडून, टेबलाखाली वाकून विचारलं, "जातं कुठं बसवणार?" मानसिंगरावांनी त्याला मशीन दाखवलं. साहेबाने त्यावरून बोट फिरवून पीठ लागतं का ते पाहिलं आणि शेरा मारला, की गिरणी अद्याप सुरू नाही.

अखेर परीक्षेचा दिवस ठरला. आदगोंडाच्याच इमारतीचा हिशेब मशीनला घालायचा, आणि मानसिंगरावांनी तोच हिशेब हाताने करायचा, असं ठरलं. आकडे नेहमीच्या वाटेने आले. आदगोंडाने अण्णांना सांगितले, अण्णांनी कागदावर उतरवले, मानसिंगरावांनी आपल्या रिवाजाप्रमाणे वाढवले आणि जोतीरामने मशीनवर दाबले. जोतीराम म्हणजे त्यांचा नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. मिशा पिकल्या तरी त्याची रेघ थरथरली नव्हती.

मशीन तासभर कटकटलं आणि त्याने कागदाची पट्टी बाहेर सोडली. जोतीरामने त्यावरून हॉलचा नकाशा काढला. काढताना तो दोनदा थांबला, पट्टी उलटी धरून पाहिली आणि पुन्हा काढू लागला. मग त्याने नकाशा सगळ्यांसमोर पसरला.

आदगोंडा कितीतरी वेळ बघत राहिला. "ह्यो खांब हाय का बुरूज?" तो म्हणाला. "आवं, नवरदेव ह्या खांबामागं, नवरी त्या खांबामागं. आंतरपाट धरायचीच गरज न्हाई. आन पंगत कुठं बसवायची? खांबात?"

"सर, मशीन कधी चुकत नाही," एजंट टाय सावरत म्हणाला.

मानसिंगरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की एजंटने टाय पुन्हा सावरला. सिमेंटवाल्यांनी मशीनवाल्यांना फितवलंय हे त्यांच्या तत्काळ लक्षात आलं. मशीन जितका जाड खांब सांगेल तितकं सिमेंट जास्त खपेल. हे ते बोलूनही दाखवणार होते. पण त्यांच्या स्वतःच्या खिशात त्यांनी हाताने केलेला हिशेब होता, आणि त्यातही खांब जवळजवळ तेवढाच आला होता. त्यांनी तो दोनदा तपासला होता. आता त्यांनी त्या कागदाची आणखी एक घडी घातली आणि तो खिशात खोल ढकलला.

ती दुपार मानसिंगरावांना फार वाईट गेली. सिमेंटवाल्यावर संशय घेता येतो, एजंटवर तर घ्यावाच लागतो, पण स्वतःच्या डोक्यावर घ्यायची वेळ आल्यावर माणसाने बसावं कुठे? शालूबाई अलीकडे म्हणत होत्या, की तुम्ही चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधता. तेव्हा ते हसले होते.

मानसिंगरावांबरोबर आलेले हंबीरकाका तेवढ्यात मशीनला मागून-पुढून प्रदक्षिणा घालून आले. "न्हाई घ्यायचं," त्यांनी निकाल दिला. "ह्येला कायबी घाला, ह्यो व्हयच म्हणतोय. मी मघाशी जोतीरामला खांबच न्हाईत आसं दाबाय लावलं, तरी ह्येनं पट्टी काढली. आसला बैल मालकाला घिऊन हिरीत जातो."

एजंट शिवणयंत्र गाडीत घालून परत गेला.

दुसऱ्या मशीनचा पत्ता अण्णांनाच लागला. पाचगणीच्या एका निवासी शाळेत दारूवाला नावाचे गणिताचे पारशी मास्तर होते. त्यांच्या भावाने अमेरिकेत इमारतींच्या कामाला वापरलेलं खिशातलं मशीन त्यांना दिलं होतं, आणि ते मास्तरांना विकायचं होतं. मानसिंगराव काकांना घेऊन गाडीत बसले. विकायचं का असेल, हा प्रश्न घाटाच्या प्रत्येक वळणावर त्यांच्या मनात येत होता.

मशीन खरंच तळहाताएवढं होतं. सोबत डबीत बोटभर लांबीच्या पट्ट्या होत्या. एकीवर खांबांचं गणित, एकीवर स्लॅबचं. पट्टी एका फटीतून आत घातली की ती सरसर दुसरीकडून निघे, आणि मशीनला खांब यायला लागत.

"पट्टी भाहेर आली, आन इद्या आत ऱ्हायली?" काकांनी विचारलं.

"एकदम करेक्ट," दारूवाला मास्तर म्हणाले.

"आमच्या शाळंत उलटं व्हतं. पोरगं भाहेर यायचं, इद्या आत ऱ्हायची."

मानसिंगरावांनी आदगोंडाचे तेच आकडे घातले. मशीन क्षणभर गप्प झालं, आणि मग त्याचा आकडा लुकलुकायला लागला. दिसे, नाहीसा होई, पुन्हा दिसे.

"बिघडलेलं हाय," मानसिंगराव समाधानाने म्हणाले. घाटातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

"नाय नाय, साहेब," मास्तर हात हलवत म्हणाले. "हे चांगलंच हाय. तुमी खांब दिला एवढा बारीक, आणि वजन घातलं एवढं मोठं. हिशेब बसत नाय. हिशेब नाय बसला की हे असं लुकलुक करते. ते बोलते, तुमचे आकडे मला खरे वाटत नाय."

मानसिंगरावांचा हात थांबला. त्यांनी मशीन उचलून डोळ्यांजवळ धरलं. एवढंसं ते काळं मशीन, आणि ते समोर बसलेल्या शिकल्यासवरल्या इंजिनियरवर, त्याने स्वतः आणलेल्या कागदावर, उघड संशय घेत होतं. मानसिंगरावांना अपमान वाटायला हवा होता. पण इतक्या वर्षांत आपल्यासारखं दुसरं कुणीतरी भेटल्यावर होतो तसला आनंद त्यांना झाला. त्यांना ते मशीन फार आवडलं. ही गोष्ट मात्र त्यांनी मास्तरांना कळू दिली नाही.

काकांनी व्यवहार हातात घेतला. "मास्तर, बाजाराची रीत ठावं हाय न्हवं? जनावर आधी जुवाखाली घालून बघायचं, मग बोलायचं. आठ दीस आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

जुवाखाली काय घालतात हे मास्तरांना कळेपर्यंत बराच वेळ गेला. कळल्यावर त्यांनी तारण काय, म्हणून विचारलं. काकांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि मास्तरांच्या टेबलावर, वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. मास्तर एकदा फेट्याकडे आणि एकदा काकांच्या उघड्या टकलाकडे बघत राहिले. मशीन घेऊन दोघे गाडीत बसले, तेव्हा काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. 

आता प्रश्न राहिला आकड्यांचा. आकडे खरे वाटत नाहीत, असं मशीन म्हणत होतं. मानसिंगराव रात्रंदिवस त्याचाच विचार करू लागले. त्यांनी आजवर जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला होता. फक्त अण्णांच्या अक्षरावर घेतला नव्हता. अण्णा साधे असतील, भोळे असतील, पण अण्णांच्या हातचा आकडा म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितला तो आकडा, हे त्यांनी कधी तपासूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आता ती जागा त्यांना खुपायला लागली.

त्यांनी निरोप धाडून सगळ्यांना आदगोंडाच्या दुकानात, हळदीच्या पोत्यांमध्ये जमवलं. आदगोंडा, अण्णा, जोतीराम आणि उघड्या डोक्याने काका. आदगोंडाची बायको राजमती आधीच सांगून गेली होती, की दिवस मावळायच्या आत पानं वाढणार, कुणी उशीर करायचा नाही. त्यांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर चूल पेटत नसे.

मानसिंगरावांनी मशीन पोत्यावर ठेवलं. लुकलुक चालू होतं. "हे मशीन म्हणतंय, की आकड्यांत कुणीतरी काहीतरी घातलंय," ते न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाले. "कुणी घातलंय ते आता सांगायचं."

 मग जोतीराम खाकरला. "सायब, राग येऊ देऊ नका. आधी तुमचं काढा की."

मानसिंगरावांना हे लागलं. ते घालतात तो संशय, आणि बाकीचे घालतात ती लबाडी, हा फरक जोतीरामला इतक्या वर्षांत कळू नये? पण सगळे बघत होते. त्यांनी आपला उलटा कडता काढून टाकला. जोतीरामने आकडे पुन्हा दाबले.

मशीन लुकलुकत राहिलं.

"बघा!" मानसिंगराव विजयाने ओरडले. एवढा आनंद त्यांना बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. "आता बोला. जोतीराम, तूच आधी."

जोतीरामने मान खाली घातली. "मी दाबताना जरा वाढीवलं व्हतं, सायब. तुमी एवढी वर्सं वाढवताय. म्हनलं मशिनीच्या गडबडीत इसरला आसाल."

जोतीरामचं काढलं. लुकलुक थांबली नाही. सगळ्यांच्या नजरा आदगोंडाकडे वळल्या. आदगोंडाने पागोटं मागे सरकवलं, पुढे घेतलं.

"आता तुमच्याफुडं काय लपवायचं," तो म्हणाला. "लगीनसराई नसंल तवा वर हळदीची पोती ठेवणार हाय मी. एरवी हे कुणाला सांगितलं नसतं. पर सगळी म्हनली, मशीनफुडं खोटं चालत न्हाई, पकडतंय. म्हून अण्णांना सगळी पोती सांगून टाकली."

"सगळी म्हणजे किती?"

"म्हंजे जी हाईत ती. आन जी पुढं हुतील ती. आन भावाची. आन मेव्हण्यानं कवा ठिवली तर त्येची." आदगोंडा ओशाळला. "एकदा खरं बोलायचं म्हनल्यावर कुठं थांबायचं ते कळंना."

काका खो-खो हसले. मेव्हण्याची पोती, भावाची पोती आणि पुढच्या काळातली पोती खाली उतरवली, खरी तेवढी ठेवली. जोतीरामने पुन्हा आकडे दाबले. दुकानातलं ऊन पोत्यांवरून सरकत उंबऱ्यापाशी गेलं होतं. आतून राजमतीचा आवाज आला, "आवं, पानं घेतली!"

मशीन लुकलुकतच होतं.

आता एकच माणूस उरला होता. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. मानसिंगरावांनी बघितलं. अण्णा एका पोत्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसले होते, आणि त्यांचा चेहरा सायकल नेताना सापडलेल्या माणसासारखा झाला होता.

मानसिंगरावांच्या डोक्यात सगळं जुळत गेलं. तुझा त्रास वाचेल. आकडे फुगवायचे, म्हणजे मानसिंगरावांचा हातचा हिशेब बुरुजाएवढा येणार. चारचौघांत त्यांचं हसं होणार. मग कुणी हाकलायची गरजच नाही, तेच आपण होऊन उसात जाणार. आणि हे कुणी केलं? एका बाकावर बसलेला माणूस.

"बाहू," ते म्हणाले, "कागद तुझ्या हातचा हाय. तू किती घातलंस?"

"दुप्पट," अण्णा खाली बघत म्हणाले.

"दुप्पट?"

"सगळंच दुप्पट केलं. चुकलं माझं."

"का?" मानसिंगरावांचा आवाज चढला. "मला खोटं पाडायला? सरळ सांगायचं व्हतंस, की आता तुझी गरज न्हाई. मी गेलो असतो!"

"आरं, तूच निघालास न्हवं!" अण्णा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. "साताऱ्याचा कंडक्टर सांगत आला. मशीन आलं की जगदाळे सायब कोरेगावला ऊस बघणार, वैनींना बोलले म्हनं. मी त्यावर इस्वास ठिवला. मी ठेवतोच सगळ्यांवर." त्यांनी दोरा सोडून दिला. "मग मला भ्या वाटलं. मशीनला हिशेब येतो, पर ते मालकावर संशय घेत न्हाई. वाळूवर घेत न्हाई, गवंड्यावर घेत न्हाई. आन मला तर येतच न्हाई. तुझ्याबिगर माझी येकबी इमारत आजवर उभी ऱ्हायली न्हाई रं. तू नसणार, म्हून तुझ्या वाटणीचा संशय मीच घातला. किती घालायचा आसतो ते ठावं न्हवतं. म्हनलं, दुप्पट तरी घालावा."

 जोतीरामने हळूच अण्णांचे आकडे निम्मे केले आणि शेवटची कळ दाबली. मशीन क्षणभर अंधारलं, आणि मग त्यावर लाल आकडा उमटला. तो जागचा हलला नाही, लुकलुकला नाही. दिलेला सडपातळ खांब आता पुरत होता. नवरदेवाला नवरी दिसली असती, आणि पंगतही बसली असती.

"आता कडता?" जोतीरामने विचारलं. "कुणाचातरी येक ठिवाय पायजे, सायब."

"ह्याचाच ठेव," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी मानसिंगरावांकडे हनुवटी केली.

जोतीरामने मानसिंगरावांचा तेवढा घातला. मशीनने तो निमूटपणे घेतला. काकांनी पोत्यावर थाप मारली. "जनावर चांगलं हाय. घिऊन टाका. आन उद्याच्या पयल्या गाडीनं माझा फेटा आणा."

राजमतीने तिसरी हाक मारली, तेव्हा ऊन उंबऱ्याबाहेर गेलं होतं आणि सगळे पळतच आत गेले. आदगोंडाने हात धुताना मानसिंगरावांना हळूच सांगितलं, की वर पोती तेवढीच, जेवढी आता बोललो, एकही जास्त नाही. मानसिंगराव बरं म्हणाले आणि त्यांनी मनातल्या मनात आणखी दहा चढवली. आमटी तिखट नाही असं राजमती म्हणाली, तरी त्यांनी आधी जिभेच्या टोकाला लावून पाहिली.

शेजारच्या पाटावर अण्णा जेवत होते. त्यांचं ते बोलणं मानसिंगरावांनी मनात पुन्हा काट्यावर चढवलं. तुझ्याबिगर माझी एकही इमारत उभी राहिली नाही. बराच वेळ ते वजन बघत राहिले. त्यातून त्यांनी काही कापलं नाही.